पोच

पदव्युत्तर वर्गात आम्ही सहा जण होतो. ऑगस्टमधल्या एका सकाळी विभागप्रमुख दारात उभे राहून म्हणाले, "यंदा प्रतिनिधी कोण?" सगळे आपापल्या कॅनव्हासकडे बघू लागले. माझी नजर तेवढी चुकून सरांकडे गेली. झालं!

ही गोष्ट एका सरकारी चित्रकला महाविद्यालयातली, वीसेक वर्षांपूर्वीची. आमचं दुखणं एकच होतं. स्टुडिओ संध्याकाळी साडेपाचला बंद व्हायचा, कारण शिपाईमामांची ड्युटी तेव्हा संपायची. तैलरंगात काम करणाऱ्याचा साडेपाचला कुठे हात बसायला लागलेला असतो. मी प्राचार्यांना भेटलो. त्यांनी चहा दिला, घरची चौकशी केली आणि "बघू या" म्हणाले. मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आलो आणि वर्गात सांगून टाकलं, काम झालं. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. नवे प्रभारी म्हणाले, "कसली मागणी? कागद दाखवा." कागद नव्हताच. कार्यालयातल्या वयस्कर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाळा, अर्ज दिला होतास? पोच घेतली होतीस?"

चार वर्षांनी तिथलं वार्षिक प्रदर्शन बघायला गेलो. त्या वर्षीची प्रतिनिधी, चुणचुणीत मुलगी, मला मोठ्या उत्साहाने सांगत होती की इथे स्टुडिओ साडेपाचला बंद होतो, पण आम्ही यंदा प्राचार्यांना भेटलोय. ते काय म्हणाले, हे मी तिला विचारलं नाही.

चित्र, शिल्प, नाटक, सिनेमा, संगीत, कशातही पदव्युत्तर शिक्षण घेताना ज्यांच्या गळ्यात हे पद पडलं आहे (हौसेने घेणारेही असतात), त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी वेळेचा हिशेब करा. एम.एफ.ए. दोन वर्षांचं. पहिलं वर्ष कुठल्या खोलीत काय आहे आणि कुठल्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कळण्यात जातं. दुसऱ्या वर्षातला निम्मा वेळ अंतिम सादरीकरण खातं. प्रतिनिधी म्हणून खऱ्या अर्थाने हाताशी येतात ते सहा-सात महिने. कार्यालय मात्र तिथे तीस वर्षं असतं. त्याला तुम्हाला नाही म्हणण्याचीही गरज पडत नाही, मे महिन्यापर्यंत थांबलं की भागतं. नवी बॅच जुलैत येते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. म्हणून प्रतिनिधी बोलतो किती छान याला मी फारशी किंमत देत नाही. त्याची अर्ज-तक्रारींची वही बघतो.

तर अर्ज. एका अर्जात एकच विषय. "विद्यार्थ्यांच्या विविध समस्यांबाबत" असं लिहिलंत की तो कागद कुणाच्याच टेबलाचा राहत नाही. "मुद्रणचित्रण कार्यशाळेतील बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा दुरुस्त करण्याबाबत" असं लिहिलंत की तो कुणाकडे जाणार हे कारकुनालाही कळतं. पहिल्या वाक्यात काय बंद आहे आणि कधीपासून. दुसऱ्यात किती जणांचं काम अडलं आहे. तिसऱ्यात काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत. तिथेच थांबा. कलेचं समाजातलं स्थान वगैरे अर्जात नको. दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच. तिचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाका. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या, त्यात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक लिहा.

आणि तोंडी बोलणं झालं असेल तर? त्याच संध्याकाळी मेल करा: आज आपल्याशी झालेल्या चर्चेत अमुक दोन गोष्टी ठरल्या, माझ्या समजुतीत चूक असल्यास कळवावे. असं लिहिलं तर सरांना राग येईल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांना काम करायचं असतं त्यांना वर पाठवायला असा कागद हवाच असतो.

आता तुमची खुर्ची कुठली आहे ते बघू. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयातल्या खुल्या निवडणुका थांबवल्या आणि आधीच्या परीक्षेत जास्त गुण मिळवणाऱ्याला वर्गाचा प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. चित्रकलेत गुण जास्त म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नसावा. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष मतदानाची तरतूद परत आणली. २०१९मध्ये निवडणुका घ्यायच्या ठरल्या आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. कागदावर मतदान आणि प्रत्यक्षात सरांचं बोट, अशी परिस्थिती बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यातच हा कायदा अभिमत विद्यापीठांना लागू नाही. १८५७ साली सुरू झालेलं मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय २०२३मध्ये अभिमत विद्यापीठाचा भाग झालं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्याने मुंबई विद्यापीठाची जुनी परिपत्रकं दाखवून उपयोग नाही. त्याला स्वतःच्या संस्थेची नियमावली मागून घ्यावी लागेल. पहिल्या आठवड्यातलं पहिलं काम हेच: आपल्यावर कुठला कायदा चालतो, ते शोधा.

सरांनी बोट दाखवून नेमलं असेल तरी वर्गात चिठ्ठ्या टाकून मतदान घ्या. सहा जणांत मतदान म्हणजे पोरखेळ वाटतो खरा. पण उद्या "तू कोण आमच्या वतीने बोलणारा?" असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार असतं. शक्य असेल तर दोघं निवडा, एक दुसऱ्या वर्षाचा आणि एक पहिल्या वर्षाचा. दुसऱ्या वर्षाच्याला कामाची माहिती असते आणि पहिल्या वर्षाचा पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

मुलाखतींमध्ये प्रतिनिधी नेहमी मोठ्या प्रश्नांवर बोलतात. रोजचे प्रश्न हे असे असतात. मुद्रणचित्रणात जस्ताच्या पत्र्यावर नायट्रिक ऍसिड टाकलं की तपकिरी वाफ निघते, ती नायट्रोजन डायऑक्साइडची. ती फुप्फुसाला अपाय करते आणि त्रास कधी कधी काही तासांनी, घरी गेल्यावर सुरू होतो. त्यामुळे "कुणाला काहीच झालं नाही" हे विभागाचं म्हणणं आणि रात्री धाप लागलेली मुलगी, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पंखा दुरुस्त होईपर्यंत तांब्याचा पत्रा आणि फेरिक क्लोराइड वापरू द्यावं, ही मागणी करता येते, त्यात तशी वाफ निघत नाही. सिरॅमिकच्या खोलीत कोरडा झाडू मारला की सिलिकाची धूळ हवेत उडते, तिथे ओल्या फडक्याने पुसायला हवं. याला फार खर्च नाही, फक्त कुणीतरी लिहून द्यायला हवं. चित्रकलेचा प्रतिनिधी असाल तर महिन्यातून एकदा शिल्पकलेच्या शेडमध्ये आणि भट्टीपाशी मुद्दाम जा. तिथे दोन किंवा तीनच विद्यार्थी असतात, ते बैठकीला येत नाहीत आणि त्यांचे प्रश्न तुमच्या वहीत उतरत नाहीत.

लाइफ क्लासला बसणाऱ्या मॉडेलचं मानधन थकलं असेल तर तेही वहीत घ्या. ते विद्यार्थ्यांचं काम नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण त्या बाई सोमवारी आल्या नाहीत तर वर्ग बंद पडतो, आणि त्यांच्या बाजूने अर्ज लिहिणारं त्या इमारतीत बहुधा दुसरं कुणी नसतं.

गुणांच्या बाबतीत मात्र हात राखून. एखाद्याला ज्युरीत कमी गुण मिळाले म्हणून प्रतिनिधीने भांडायला जाऊ नये. ज्युरीच्या आधी निकष लेखी मागा: संकल्पनेला किती, प्रत्यक्ष कामाला किती, लेखी प्रबंधाला किती, बाहेरचे परीक्षक किती असणार. नंतर कुणाची वैयक्तिक तक्रार असेल तर ती त्याने स्वतः लिहावी, तुम्ही सोबत बसा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे जाता येतं. समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतो, पण "विशेष निमंत्रित" म्हणून. त्याला गणपूर्तीत मोजत नाहीत. खुर्ची आहे, वजन नाही. तरीही ती सोडू नका, कारण बैठकीत काय ठरलं ते ऐकणारा विद्यार्थी तो एकटाच असतो. पारदर्शक नसलेलं मूल्यमापन, रखडलेला निकाल, रखडलेली शिष्यवृत्ती आणि माहितीपत्रकात कबूल केलेल्या पण न मिळालेल्या सोयी, हे सगळं या नियमांत तक्रार म्हणून धरलं आहे.

माहितीपत्रकाची गोष्ट जरा थांबून सांगतो. लॉस एंजेलिसमधल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉस्की कला विद्यालयात २०१५च्या मे महिन्यात पहिल्या वर्षाच्या एम.एफ.ए.च्या सातही विद्यार्थ्यांनी एकत्र शिक्षण सोडलं. प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं आर्थिक साहाय्य आणि अभ्यासक्रम पुढे बदलला, असं त्यांनी जाहीर पत्रात म्हटलं होतं. आख्खा वर्ग रिकामा झाल्यामुळे ती बातमी झाली. आपल्याकडूनही कर्ज काढून अमेरिकेत एम.एफ.ए.ला जाणारी मुलं आहेत. त्यांच्यातल्या कुणी असं शिक्षण सोडण्याआधी आपल्या व्हिसाचं काय होईल हे विचारलंच पाहिजे, कारण वर्गातल्या अमेरिकन मित्राला तो प्रश्न नसतो. इथे शिकणाऱ्यांनी निदान एवढं करावं: प्रवेश घेतला त्या वर्षीचं माहितीपत्रक जपून ठेवावं. वेबसाइटवरचं पान बदलतं.

सरकारी किंवा अनुदानित संस्थेत माहितीचा अधिकारही आहे. दहा रुपये, एक विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे साधारण दीडशे शब्दांत, आणि तीस दिवसांत उत्तर. "साहित्य खरेदीवर मागील दोन वर्षांत विभागवार किती खर्च झाला" एवढी एक ओळ मागा. पण हे आधी नको. आधी अर्ज, मग स्मरणपत्र, मग हे. पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकणाऱ्या प्रतिनिधीशी कार्यालय नंतर फक्त लेखी बोलतं.

भीतीबद्दल बोलायला हवं. कलेच्या शिक्षणात गाइड फक्त गुण देत नाही. शिफारसपत्र तोच देतो, गॅलरीवाल्याशी ओळख तोच करून देतो, नाटकात काम तोच देतो. पुढची दहा वर्षं त्याच वर्तुळात काढायची असतात. अशा माणसाविरुद्ध सही कर म्हटलं की भल्याभल्यांचे हात खिशात जातात, आणि त्यांना भित्रे म्हणणं मला तरी जमत नाही. म्हणून एकट्याने भेटायला जाऊ नका, दोघं जा. सह्या आडनावाच्या अक्षरक्रमाने घ्या, म्हणजे पहिला कोण हे शोधायला अर्थ उरत नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती प्रतिनिधीच्या वहीत घेऊच नका, मध्यस्थी तर अजिबात करू नका. त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते. आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर तीन विद्यार्थी असतात, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचा प्रत्येकी एक, आणि ते निवडून आलेले असावे लागतात. तुमच्या संस्थेत पदव्युत्तर स्तराची जागा कोणाकडे आहे? विचारून बघा. मी ज्यांना ज्यांना हे विचारलं, त्यांतल्या बहुतेकांना अशी जागा असते हेच माहीत नव्हतं.

मोठी लढाई वाट्याला येणार नाही, असं समजू नका. मे २००७मध्ये बडोद्याच्या कला विद्याशाखेत एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या मांडणीवर बाहेरच्यांनी आक्षेप घेतला आणि पोलिसांनी त्याला अटक केली. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी कलेतिहासातल्या चित्रांचं प्रदर्शन लावलं. ते बंद करायला नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता निलंबित झाले. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग मध्येच बंद पाडला गेला, आणि विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. अशा वेळी प्रतिनिधीला विचार करायला रात्रही मिळत नाही. म्हणून काही गोष्टी शांततेच्या काळातच करून ठेवायच्या. परीक्षेची मांडणी असेल तर दारावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि परीक्षक व विद्यार्थी सोडून कुणाला आत सोडायचं हे विभागाने लेखी ठरवलेलं असावं. एका वकिलाचा नंबर. प्रत्येकाच्या घरचा एक नंबर. आणि पत्रकारांशी कोण बोलणार, ते एकच नाव.

संपाबद्दल विचाराल तर एफटीआयआय ही चित्रपट संस्था बघा. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेल्या या संस्थेत १२ जून २०१५ला विद्यार्थी संपावर गेले आणि १३९ दिवस राहिले. मुद्दा होता अध्यक्षपदी अभिनेते गजेंद्र चौहान यांच्या नेमणुकीचा. संप २८ ऑक्टोबरला मागे घेतला तेव्हा नेमणूक कायम होती. हे अपयश होतं का, यावर अजून वाद घालता येईल. मला त्यातला वेगळाच पदर महत्त्वाचा वाटतो. त्याच ऑगस्टमध्ये संचालकांनी २००८च्या बॅचचे डिप्लोमा प्रकल्प आहेत त्या अवस्थेत तपासायचं ठरवलं, त्यावरून घेराव झाला आणि रात्री पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. २००८ची बॅच, २०१५ साली! कॅमेरा, स्टुडिओ, संकलनाची खोली यांच्या रांगेत अभ्यासक्रम लांबत जातो, आणि मग एकाच अंगणात सात वर्षांच्या अंतराचे विद्यार्थी एकत्र असतात. डिप्लोमासाठी ताटकळलेल्याचं नुकसान आणि नुकत्याच आलेल्याचं नुकसान सारखं नसतं. संपाचा ठराव करताना बॅचवार मतं मोजा आणि आकडे लिहून ठेवा. आणि कोणत्या परिस्थितीत मागे फिरायचं, ते पहिल्याच सभेत ठरवा. शंभराव्या दिवशी ते ठरवणं फार अवघड असतं, कारण तोवर मागे फिरू म्हणणारा फितूर ठरलेला असतो. त्या काळात तिथे शिकणाऱ्या पायल कपाडिया यांनी पुढे विद्यार्थी आंदोलनांच्या चित्रणातून 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' केला. २०२१मध्ये त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. वही अशीही भरता येते.

स्टुडिओच्या वेळेकडे परत येतो, कारण ते कोडं शेवटी सुटलेलं मी पाहिलं आहे, एका दुसऱ्या महाविद्यालयात. तिथल्या दोन प्रतिनिधींनी "वेळ वाढवा" असं लिहिलंच नाही. अडचण काय हे त्यांनी आधी शिपायाला विचारलं. अडचण जादा तासांच्या पैशांची होती. रात्रपाळीचा वॉचमन मात्र फाटकावर बसलेलाच असायचा. त्यांनी एका पानाची योजना लिहिली: किल्ली वॉचमनकडे, नोंदवही त्याच्या टेबलावर, रोज दोन विद्यार्थी सही करून किल्ली घेणार आणि दहाला परत देणार, टर्पेंटाइनची झाकणं आणि दिव्यांची बटणं तेच बघणार. एक महिना प्रयोग म्हणून. मुलींना आठपर्यंत आणि मुलांना दहापर्यंत, अशी दुरुस्ती वरून आली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. त्याऐवजी मागच्या बोळातल्या दिव्यासाठी वेगळा अर्ज दिला. तिसरा अर्ज वसतिगृहाच्या रेक्टरना, कारण फाटक साडेनऊला बंद होत असेल तर दहापर्यंत उघडा असलेला स्टुडिओ काय चाटायचा? तीन कार्यालयं, तीन अर्ज, तीन पोचा. प्रतिनिधींमधली एक पहिल्या वर्षाला होती. मंजुरी आली ती पुढच्या वर्षी, तिच्याच हातात.

सूत्रं पुढे द्यायची ती फेब्रुवारीत द्या. मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही स्वतःच्या प्रदर्शनाखाली गाडलेले असता आणि मे महिन्यात खोली रिकामी करत असता. नव्या प्रतिनिधीला सोबत घेऊन एकदा आवक-जावकच्या टेबलापाशी जा, नावाने ओळख करून द्या. पोचांची फाइल तारखेच्या क्रमाने लावा, काय मंजूर झालं, काय अडकलं आणि कुणाच्या टेबलावर, हे एका पानावर लिहा. शिष्यवृत्ती रखडलेल्यांची यादी वेगळी ठेवा, महाडीबीटी पोर्टलवरचे अर्ज कुठल्या पायरीवर थांबलेत त्यासह, ती गावाकडून आलेल्या मुलांना सगळ्यात आधी लागते.

स्टुडिओची वेळ वाढलेल्या त्या महाविद्यालयातली फाइल मी मागे एकदा चाळली. शेवटच्या पानावर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत टिपणं आहेत. वॉचमन काकांचा मोबाइल, तो बदलला तेव्हाचा नवा नंबर, भट्टी दुरुस्त करणारा माणूस फक्त गुरुवारी येतो, कार्यालयाचा शिक्का चारनंतर मिळत नाही. त्याखाली यंदाच्या मुलाने पेन्सिलने लिहिलं आहे: नोंदवही संपत आली, नवी मागवली, पोच जोडली आहे.